मेलॅनोमाचा फैलाव सुरू होतो तेव्हाच त्याचे चयापचय तपासा

प्रति,
कर्करोग संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थांची निवड मंडळे आणि मेलॅनोमावरील औषधचाचण्यांचे आराखडे तपासणाऱ्या समित्यांचे सर्व सदस्य

विषय : त्वचेच्या कर्करोगाच्या प्रारंभिक फैलावात पेशींच्या चयापचयाचा वाटा आणि त्याच्या अभ्यासाची वेळ

सन्माननीय सदस्यहो,

मेलॅनोमा त्वचेच्या इतर कर्करोगांच्या मानाने कमी आढळतो, पण शरीरभर पसरण्याची त्याची क्षमता कितीतरी अधिक आहे. २०२० साली जगभरात त्याचे सुमारे सव्वातीन लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ५७ हजार माणसे त्याने दगावली, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. त्वचेवरची गाठ बहुतेक वेळा शस्त्रक्रियेने पूर्ण काढता येते. माणसे दगावतात ती फुप्फुसांत, यकृतात आणि मेंदूत जाऊन वाढलेल्या पेशींमुळे, आणि या पेशी त्वचेतून निघतात तेव्हा मूळ गाठ अनेकदा अगदी लहान असते. त्या काळात पेशी कोणते इंधन वापरतात, त्यातून काय घडवतात आणि टाकाऊ द्रव्यांची विल्हेवाट कशी लावतात, यावर त्या तगणार की मरणार हे मोठ्या प्रमाणात ठरते, असे गेल्या दहा-पंधरा वर्षांच्या संशोधनातून दिसू लागले आहे. असे असूनही मेलॅनोमाच्या चयापचयावरील बहुतेक काम प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वाढवलेल्या पेशींवर आणि चौथ्या टप्प्यातील, म्हणजे रोग शरीरभर पसरलेल्या, रुग्णांच्या ऊतींवर होते. पेशींच्या चयापचयाचा अभ्यासक या नात्याने माझी आपल्याला विनंती आहे की, हे काम गाठ पातळ असतानाच्या काळाकडे वळवावे आणि त्यासाठी निधीचे व चाचण्यांचे निकष बदलावेत.

पातळ गाठीचा मुद्दा आधी घेतो. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये गाठीची जाडी मिलिमीटरमध्ये मोजून तिचा रुग्णाच्या भवितव्याशी संबंध दाखवला आणि तेव्हापासून ही जाडी मेलॅनोमाच्या अहवालातील सर्वांत महत्त्वाचा आकडा राहिली आहे. एक मिलिमीटरपर्यंतच्या गाठी पातळ मानल्या जातात आणि अशा रुग्णांपैकी बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेनंतर पूर्ण बरे होतात. हे समाधानकारक आहेच, पण त्यामुळे आपली नजर जाड गाठींवर खिळून राहिली आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांताच्या नोंदींवर आधारलेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, चार मिलिमीटरपेक्षा जाड मेलॅनोमाने जितके लोक मरतात त्यापेक्षा अधिक लोक एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ मेलॅनोमाने मरतात. कारण सरळ आहे : पातळ गाठीतील एकेका रुग्णाचा धोका कमी असला, तरी अशा रुग्णांची संख्या फार मोठी आहे. त्यांतील कोणाच्या पेशी बाहेर पडल्या आहेत आणि कोणाच्या नाहीत, हे जाडीचा आकडा सांगू शकत नाही.

पेशी किती लवकर बाहेर पडतात, याबद्दलही आता पुरावा आहे. जर्मनीतील संशोधकांनी मेलॅनोमाच्या रुग्णांच्या पहिल्या लसीकाग्रंथींतून, म्हणजे गाठीकडून येणारी लसीका (लिम्फ) जिथे सर्वांत आधी पोचते त्या ग्रंथींतून, सुट्या कर्कपेशी एकेक करून वेचल्या आणि त्यांच्या जनुकांची मूळ गाठीशी तुलना केली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाचा निष्कर्ष असा की, गाठ अंतस्त्वचेत, म्हणजे त्वचेच्या आतल्या थरात, उतरल्यानंतर लगेच, जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असतानाच, पेशी निघू लागतात आणि वसाहत करण्यासाठी लागणारे कित्येक जनुकीय बदल त्या गाठीबाहेर, ग्रंथीत पोचल्यावर मिळवतात. याचा अर्थ, निघालेली पेशी सर्व शस्त्रांनी सज्ज नसते. तिला मधला काळ कसाबसा तग धरावा लागतो, आणि माझ्या मते चयापचयाचा प्रश्न सर्वांत निकडीचा होतो तो याच मधल्या काळात.

कर्करोग आणि चयापचय म्हटले की ऑटो वारबुर्ग यांचे नाव येते. प्राणवायू पुरेसा असतानाही गाठीतील पेशी ग्लुकोजचे लॅक्टेट बनवतात, हे त्यांनी १९२० च्या दशकात दाखवले. ते निरीक्षण टिकले. मात्र कर्कपेशींची तंतुकणिका (पेशीतील ऊर्जा निर्माण करणारा भाग, मायटोकॉन्ड्रिया) बिघडलेली असते म्हणून असे होते, हे त्यांचे स्पष्टीकरण बहुतेक गाठींना लागू पडत नाही, आणि मेलॅनोमाला तर नाहीच. मेलॅनोमाच्या पेशी तंतुकणिकांचा उपयोग गरजेप्रमाणे वाढवतात आणि कमी करतात, आणि या रोगाचा कावेबाजपणा याच लवचिकतेत आहे.

तिची पहिली खूण त्वचेवरच्या साध्या तिळातच सापडते. मेलॅनोमाच्या सुमारे निम्म्या रुग्णांत बीआरएएफ या जनुकात उत्परिवर्तन आढळते, हे २००२ मध्ये कळले, आणि पुढे असेही दिसले की निरुपद्रवी तिळांपैकी बहुसंख्य तिळांतही नेमके हेच उत्परिवर्तन असते. तरीही तीळ काही काळ वाढून थांबतो आणि अनेक दशके तसाच राहतो. २०१३ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी या थांबण्यामागचे एक चयापचयी कारण दाखवले. उत्परिवर्तित बीआरएएफमुळे पायरुवेट डिहायड्रोजनेज हे विकर (एन्झाइम) अधिक सक्रिय होते, ग्लुकोजपासून बनणारे पायरुवेट तंतुकणिकेत अधिक प्रमाणात जाळले जाते आणि पेशी विभाजन थांबवून वार्धक्यावस्थेत जाते. या विकराला लगाम घालणारे पीडीके१ हे विकर पुन्हा पूर्वीच्या पातळीवर आणले की तो अडसर निघतो आणि पेशी गाठ बनवण्यास मोकळी होते. मेलॅनोमाच्या वाटेवरचा एक दरवाजा म्हणजे इंधन कोठे जाळायचे हा निर्णयच असतो. एवढी गोष्ट ठाऊक असूनही तीळ आणि सुरुवातीचा मेलॅनोमा यांच्या सीमेवरच्या ऊतींचे चयापचय मोठ्या प्रमाणावर तपासण्याचे काम अजून विखुरलेलेच आहे.

गाठ बनल्यानंतर पेशींसमोर दोन वाटा राहतात : जागेवर वाढणे किंवा हलणे. या दोन्हींचा संबंध त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनोसाइट पेशींचा कारभार चालवणाऱ्या एमआयटीएफ या प्रथिनाशी आहे. एमआयटीएफ पुरेसे असते तेव्हा अनेक गाठींत ते पीजीसी१-अल्फा या प्रथिनामार्फत तंतुकणिकांचे काम वाढवते, आणि पेशी वाढत राहतात. पीजीसी१-अल्फा कमी झाले की वाढ मंदावते, पण स्थलांतराची जनुके जागी होतात. प्राण्यांवरील प्रयोगांत या प्रथिनाच्या अभावाने फैलाव वाढल्याचे २०१६ मध्ये दिसले. ग्लुटामीनसारख्या पोषकाचा तुटवडा पडला तरी पेशी एमआयटीएफ कमी करून हलणाऱ्या अवस्थेत जातात. उपासमार झालेली पेशी नव्या जागेच्या शोधात निघते, असे म्हटले तर ते जैवरसायनाच्या दृष्टीने बऱ्याच अंशी खरे आहे. ज्या औषधाने गाठीची वाढ मंदावते ते पेशींना हलण्यास प्रवृत्त तर करत नाही ना, हा प्रश्न म्हणूनच प्रत्येक आराखड्यात विचारला गेला पाहिजे.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्यासाठी आपला थोडा अधिक वेळ मागतो.

गाठीतून निघालेली पेशी रक्तात शिरते तेव्हा शेजारच्या पेशींचा आधार, ओळखीचा पोषक द्रव आणि कमी प्राणवायूचे वातावरण हे सर्व एकदम सुटते. टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस येथील वैद्यकीय केंद्रातील संशोधकांनी रुग्णांच्या मेलॅनोमाच्या पेशी उंदरांच्या त्वचेखाली वाढवल्या आणि रक्तात व दूरच्या अवयवांत पोचलेल्या पेशींची तुलना मूळ गाठीतल्या पेशींशी केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात रक्तातील या कर्कपेशींवर ऑक्सिडीकारक ताण कितीतरी अधिक असल्याचे आणि बहुतेक पेशी याच ताणाने मरत असल्याचे दिसले. ज्या वाचल्या त्यांनी फोलेट या ब-जीवनसत्त्वाच्या मार्गातून एनएडीपीएच हा रेणू तयार करण्याचे प्रमाण वाढवले होते. एनएडीपीएचमुळे ग्लुटाथायोन हे पेशीचे स्वतःचे अँटिऑक्सिडंट पुन्हा कामाच्या रूपात येते आणि पेशीतील घातक ऑक्सिडीकारक रेणूंचा निचरा होतो. हा बदल कायमचा नव्हता, कारण दूर पोचलेल्या पेशी पुन्हा त्वचेखाली लावल्या की चयापचय मूळ पदावर येत असे. ज्या बदलाची जनुकांत खूण राहत नाही तो केवळ जनुके वाचून सापडणार नाही, ही बाब जनुकक्रमावर भर देणाऱ्या निधी योजनांनी विशेष लक्षात घ्यावी.

त्याच गटाने २०२० मध्ये आणखी दोन गोष्टी दाखवल्या. एक, लॅक्टेटची ने-आण करणारे एमसीटी१ हे प्रथिन ज्या पेशींच्या पृष्ठभागावर अधिक असते त्या अधिक यशस्वीपणे पसरतात, आणि एकाच गाठीत अशा अधिक व कमी एमसीटी१ असलेल्या पेशी शेजारी शेजारी नांदतात. दुसरी गोष्ट लसीकेची. मेलॅनोमाच्या पेशी अनेकदा रक्ताआधी लसीकेच्या वाटेने का जातात, याचे उत्तर आपण आजवर प्रामुख्याने वाहिन्यांच्या रचनेत शोधत होतो. या कामाने त्याला रासायनिक बाजू जोडली. लसीकेत ग्लुटाथायोन आणि ओलेइक आम्ल अधिक असते, मुक्त लोह कमी असते. ओलेइक आम्ल पेशीच्या पटलात बसले की पटलातील मेदांचे ऑक्सिडीकरण घटते आणि लोहावर अवलंबून असलेला फेरोप्टोसिस नावाचा पेशीमृत्यू टळतो. लसीकेत राहून आलेली पेशी पुढे रक्तातही अधिक काळ टिकते. लसीकाग्रंथी आपल्याकडे आजवर फैलावाची खबर देणारी चौकी मानली गेली, पण ती पेशींना पुढच्या प्रवासासाठी तयार करणारी जागाही असू शकते.

आता आपल्या कामाशी याचा थेट संबंध येतो. फोलेटच्या मार्गातील विकर दाबले किंवा तो मार्ग रोखणाऱ्या मेथोट्रेक्सेट या औषधाची कमी मात्रा दिली, तेव्हा उंदरांतील दूरचा फैलाव घटला, पण त्वचेखालची गाठ जवळजवळ तशीच वाढत राहिली. एमसीटी१ रोखले तेव्हाही हेच झाले. उलट दिशेनेही तसेच घडते. स्वीडनमधील संशोधकांनी २०१५ मध्येच दाखवले की, मेलॅनोमा होणाऱ्या उंदरांना एन-ॲसिटिलसिस्टीन हे अँटिऑक्सिडंट पाण्यातून दिले तर गाठींची संख्या व आकार बदलत नाही, परंतु लसीकाग्रंथींतील फैलाव वाढतो. डॅलस येथील प्रयोगांतही त्याच द्रव्याने रक्तातील कर्कपेशी वाढल्या होत्या. मूळ गाठीकडेच पाहत राहिलो असतो, तर यांतील फैलाव रोखणारे उपाय निकामी ठरवले असते आणि फैलाव वाढवणारे द्रव्य निर्धोक मानले असते. औषधाने गाठ किती आकसली हे यशाचे मुख्य माप धरणारी चाचणी फैलावाच्या चयापचयावरील औषधाला न्याय देऊच शकत नाही. अशा औषधाचा कस शस्त्रक्रियेने गाठ काढलेल्या, पण परत येण्याचा धोका असलेल्या रुग्णांत, दूरचा फैलाव न होता गेलेल्या काळावरच लागला पाहिजे. अशा चाचण्या लांबतात आणि महाग पडतात, हे मला मान्य आहे. तरीही चुकीच्या रुग्णगटात स्वस्त चाचणी करून चांगली कल्पना कायमची बाद करणे त्याहून महाग पडते.

याचे एक उदाहरण आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. एलेस्क्लोमोल या पेशींतील ऑक्सिडीकारक ताण वाढवणाऱ्या औषधाची प्रगत मेलॅनोमातील तिसऱ्या टप्प्याची चाचणी २००९ मध्ये थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्या गटात मृत्यू अधिक दिसले. पुढील विश्लेषणात, रक्तातील एलडीएच सामान्य असलेल्या रुग्णांत रोग वाढण्यास लागणारा काळ लांबल्याचे आणि एलडीएच वाढलेल्या रुग्णांत हा लाभ नसल्याचे दिसले. एलडीएच म्हणजे पायरुवेट आणि लॅक्टेट यांची अदलाबदल करणारे विकर. मेलॅनोमाच्या चौथ्या टप्प्याच्या वर्गीकरणात त्याच्या पातळीला आज अधिकृत स्थान आहे. चयापचयाची ही एकमेव खूण आपण वर्गीकरणात स्वीकारली, आणि तीही रोग शरीरभर पसरल्यानंतरची. पहिल्या व दुसऱ्या टप्प्यातील रुग्णाच्या अहवालात चयापचयाबद्दल एक शब्दही नसतो. ग्लुकोजच्या शोषणावर आधारलेले पेट-स्कॅन या उणिवेची भरपाई करू शकत नाही, कारण लसीकाग्रंथीत पोचलेला पेशींचा सूक्ष्म पुंजका त्यात दिसत नाही.

सरसकट उपायांबद्दलही सावध राहावे लागेल. मधुमेहावरील मेटफॉर्मिन तंतुकणिकांचे काम मंदावते, म्हणून ते कर्करोगावर उपयोगी पडेल अशी आशा होती, पण बीआरएएफ उत्परिवर्तन असलेल्या मेलॅनोमाच्या पेशी उंदरांत या औषधाच्या प्रभावाखाली अधिक वेगाने वाढल्याचे २०१२ मध्ये आढळले. अँटिऑक्सिडंटांचा माणसांतील पुरावा संमिश्र आहे. फ्रान्समधील एका मोठ्या चाचणीत पूरक अँटिऑक्सिडंट घेणाऱ्या स्त्रियांत त्वचेचे कर्करोग अधिक दिसले, तर अमेरिकेतील एका मोठ्या निरीक्षणात मेलॅनोमाशी असा संबंध आढळला नाही. हे दोन्ही अभ्यास कर्करोग होण्याबद्दलचे होते. आधीच मेलॅनोमा झालेल्या माणसात फैलाव वाढतो का, या प्रश्नाचे उत्तर ते देत नाहीत. रोज हजारो रुग्ण स्वतःहून अशा गोळ्या घेत असताना हा प्रश्न तसाच सोडून देणे मला पटत नाही. निदान चालू असलेल्या चाचण्यांतील रुग्ण कोणती पूरके घेतात याची नोंद सक्तीची करणे आपल्या हातात आहे, आणि त्याला वेगळा निधीही लागत नाही.

दोन आक्षेपांची मला कल्पना आहे. पहिला असा की, मी सांगितलेले बरेचसे प्रयोग प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांवरचे आहेत. हा आक्षेप योग्य आहे आणि त्यामुळेच रुग्णांच्या ऊतींवरील काम हवे. गाठीतील लॅक्टेट आणि आम्लता टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशींना, दुबळे करतात, म्हणून प्रतिकारशक्ती जागी असलेल्या शरीरात चयापचयाचे महत्त्व कमी होण्याऐवजी वाढण्याचीच शक्यता अधिक आहे. दुसरा आक्षेप असा की, प्रतिकारशक्तीवर आधारित औषधांनी चित्र पालटले आहे, मग हा खटाटोप कशाला? त्यांतले पेंब्रोलिझुमॅब २०२१ पासून अमेरिकेत दुसऱ्या टप्प्यातील जाड गाठींच्या रुग्णांनाही शस्त्रक्रियेनंतर देता येते. त्यांच्यापैकी कित्येक जण केवळ शस्त्रक्रियेनेच बरे झालेले असतात, आणि तरीही औषधाचे दुष्परिणाम, कधी आयुष्यभर संप्रेरकाची गोळी घ्यावी लागेल असे, त्यांच्या वाट्याला येतात. कोणाच्या पेशी तग धरण्यास सक्षम आहेत हे आधी कळले, तर कोणावर उपचार करायचे आणि कोणाला त्यातून वगळायचे हे अधिक न्याय्य रीतीने ठरवता येईल.

आता मुख्य अडचणीकडे येतो, कारण ती सुटल्याशिवाय माझी विनंती कागदावरच राहील. पातळ गाठ इतकी लहान असते की निदानासाठी ती सगळीच्या सगळी फॉर्मॅलिनमध्ये जाते आणि पॅराफिनच्या ब्लॉकमध्ये बसवली जाते. निदान आधी, संशोधन नंतर, हा क्रम बदलावा असे मी मुळीच सुचवत नाही. फॉर्मॅलिन, अल्कोहोल आणि पॅराफिन यांतून जाताना लॅक्टेट, ग्लुटाथायोन, एनएडीपीएच यांसारखे लहान रेणू वाहून जातात किंवा बदलतात, त्यामुळे प्रारंभिक मेलॅनोमाच्या चयापचयाचे थेट मोजमाप जवळपास कोणाकडेच नाही. पण विकरे आणि वाहक प्रथिने ब्लॉकमध्ये टिकतात. एमसीटी१, पीडीके१, फोलेटच्या मार्गातील विकरे आणि तंतुकणिकांची प्रथिने पातळ छेदांवर रंगवून पाहता येतात, आणि गाठीच्या कोणत्या थरात, अंतस्त्वचेत उतरणाऱ्या टोकाशी की वर, ती अधिक आहेत हेही दिसते. जिवंत त्वचेत एनएडीएच या पेशीतील रेणूच्या नैसर्गिक प्रकाशावरून, गाठ कापण्याआधीच, तंतुकणिकांची स्थिती पाहणारी मल्टिफोटॉन सूक्ष्मदर्शके आता प्रयोगाच्या पातळीवर वापरात आहेत. लसीकाग्रंथींच्या बाबतीत तर संधी अधिक मोठी आहे. डोनाल्ड मॉर्टन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या पद्धतीने पहिली ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया आज नित्याची झाली आहे. ग्रंथी निदानासाठी कापली जात असताना तिच्यातून आलेल्या द्रवाचा अंश आणि सुट्या पेशी त्याच वेळी थंड करून जपता आल्या, तर फैलावाच्या पहिल्या मुक्कामाचे चयापचय माणसात मोजता येईल.

म्हणून माझी मागणी अशी की, येत्या निधीफेरीत प्रारंभिक मेलॅनोमाच्या चयापचयासाठी वेगळा वाटा राखावा. त्यातून अनेक रुग्णालयांत एकाच पद्धतीने ऊती व ग्रंथींतील द्रव जतन होईल आणि त्या रुग्णांचा पाठपुरावा किमान दहा वर्षे चालेल, अशी व्यवस्था व्हावी, कारण पातळ मेलॅनोमा पाच वर्षांनंतरही परत येऊ शकतो आणि तीन वर्षांच्या अनुदानात त्याचे उत्तर मिळत नाही. चयापचयावरील औषधांच्या आराखड्यांत मूळ गाठीचे आकसणे हे एकमेव माप चालणार नाही, असा नियम करावा. प्राण्यांवरील प्रस्तावांत त्वचेखालच्या गाठीबरोबर रक्तातील कर्कपेशी आणि दूरच्या अवयवांतील फैलाव मोजणे आवश्यक ठरवावे. जुन्या मोठ्या चाचण्यांतील रुग्णांचे, ज्यांचा वीस वर्षांचा पाठपुरावा तयार आहे, असे पॅराफिन ब्लॉक संमतीच्या अटी पाळून या कामासाठी खुले करावेत, आणि हे शेवटचे काम सर्वांत आधी हाती घ्यावे, कारण साठवणुकीची मुदत संपली की अनेक ठिकाणी असे ब्लॉक नष्ट केले जातात.

आपला नम्र,
पेशींच्या चयापचयाचा एक अभ्यासक